वकिलाची फाइल कपाटातून संगणकावर नेताना

ऑफिस पेपरलेस करायचं ठरलं की पहिली चौकशी स्कॅनरची होते. कोणत्या कंपनीचा घ्यावा, मिनिटाला किती पानं ओढतो, दोन्ही बाजू एकदम घेतो का. खरं तर स्कॅनर हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. डोकं लागतं ते दोन ठिकाणी: कोणता मूळ कागद कधीच फाडायचा नाही हे ठरवताना, आणि स्कॅन झालेली फाइल नेमकी कोण उघडू शकतं यावर लक्ष ठेवताना. या दोन गोष्टी न ठरवता सुरुवात केली, तर कपाट रिकामं होतं आणि अशिलाची गुपितं चार मोबाइल आणि दोन झेरॉक्सच्या दुकानांत पसरतात.

इथे डोळ्यासमोर ऑफिस आहे ते तालुका आणि जिल्हा कोर्टात दिवाणी-फौजदारी काम करणाऱ्याचं: एक वकील, एकदोन ज्युनिअर, एक क्लार्क, आणि बहुधा दुसऱ्या वकिलाबरोबर वाटून घेतलेलं चेंबर.

आधी कागदांची वाटणी

स्कॅनर सुरू करण्याआधी फाइल टेबलावर सोडवा आणि तीन ढीग करा. पहिला अशिलाच्या मूळ कागदांचा: खरेदीखत, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, स्टॅम्प पेपरवरचा करार, न वटलेला चेक आणि बँकेचा मेमो, पोस्टाच्या पावत्या. दुसरा कोर्टाच्या सही-शिक्क्याच्या नकलांचा. तिसऱ्यात बाकी सगळं: झेरॉक्स, कच्चे ड्राफ्ट, पत्रव्यवहार, एकाच कैफियतीच्या चार-चार प्रिंट. स्कॅन करून कागद नष्ट करायची मुभा फक्त या तिसऱ्या ढिगाला.

कारण साधं आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, तरी दस्त मुळातच दाखवून शाबित करायचा हा नियम बदललेला नाही. दुय्यम पुरावा, म्हणजे मूळ दस्ताऐवजी त्याची प्रत, कधी चालतो ते कलम ६० सांगतं, आणि तिथे मूळ कागद हजर न करण्याचं कारण स्वतःच्या कसुरीतून किंवा हलगर्जीपणातून आलेलं नसावं अशी अपेक्षा आहे. आपणच मूळ करार श्रेडरमध्ये घातला असेल, तर उलटतपासात समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार, आणि अशिलाचा दावा आपल्या सोयीपायी लंगडा होणार. मृत्युपत्र, ट्रस्टचा दस्त आणि बहुतेक मुखत्यारपत्रं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीमुळे त्या कायद्याच्या बाहेरच आहेत. त्यांचं इलेक्ट्रॉनिक रूप म्हणजे फक्त वाचायची सोय. ई-फायलिंग केलं तरी मूळ कागद जपून ठेवायचा आणि कोर्टाने मागितला की हजर करायचा, ही जबाबदारी दाखल करणाऱ्यावर राहतेच.

१३८ च्या, म्हणजे चेक न वटल्याच्या केसेसचे कागद वेगळ्या कारणाने नाजूक. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, पुढे एका महिन्यात फिर्याद. सगळी केस तारखांवर उभी असते आणि त्या तारखा सिद्ध करणारी पोस्टाची पावती थर्मल कागदावर छापलेली असते. उन्हात आलेल्या फाइलमध्ये, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ती काही महिन्यांत कोरी होते. म्हणून ही पावती ज्या दिवशी हातात येईल त्याच दिवशी रंगीत स्कॅन करा. पोस्टाच्या संकेतस्थळावरचा पोहोचल्याचा तपशीलही ठरावीक काळानंतर दिसेनासा होतो. तो दिसतोय तोवर पीडीएफ करून ठेवा.

डिजिटल सहीचा सातबारा मात्र उलट प्रकारचा. पंधरा रुपये भरून उतरवलेली पीडीएफ हाच तिथे मूळ दस्त आणि तिची प्रिंट ही प्रत. होतं काय, क्लार्क ती प्रिंट काढतो, फाइलला लावतो, आणि महिन्याभराने तीच प्रिंट स्कॅन होऊन संगणकात परत येते. सही गेली, उरलं नुसतं चित्र. उतरवलेली फाइल जशीच्या तशी ठेवा. ती ‘प्रिंट टू पीडीएफ’ने पुन्हा जतन केली किंवा दुसऱ्या पीडीएफला जोडली तरी सही तुटते.

अशिलाचे मूळ कागद शक्यतो अशिलालाच परत द्या आणि तारखेला लागतील तेव्हा मागवा. देताना एक-एक दस्ताची यादी, प्रत्येकाची पानं, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेली पोच घ्या, आणि ती पोच स्कॅन करून फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा. फी थकली म्हणून कागद अडवता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात ते स्पष्ट केलं आहे. स्कॅन केलेली फाइलही त्यात आलीच असं धरून चाला. वकील बदलायला निघालेल्या अशिलाला ‘लिंक बंद केली’ म्हणणं हा त्याच अडवणुकीचा नवा प्रकार आहे.

स्कॅनिंग

सुरुवात जुन्या निकाली फायलींपासून करू नका. माळ्यावरची पोती आधी उपसायला घेतलेली ऑफिसं दोन महिन्यांत दमतात. आज येणारं नवीन काम पहिल्या दिवसापासून संगणकावर. चालू फाइल तिच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी, कारण ती तशीही टेबलावर येणारच असते. निकाली फायली सगळ्यात शेवटी. या शेवटच्या प्रकारातल्या बऱ्याच फायलींना स्कॅनची गरजच नसते, यादी करून मूळ कागद परत दिले की झालं.

मजकुराला ३०० डीपीआय (इंचात किती ठिपके) पुरतं. काळं-पांढरं स्कॅन केलं तर छापील पान साधारण ५० ते १०० केबीचं होतं, म्हणजे २०० पानांची फाइल १०-२० एमबीत बसते. पण शिक्के, निळ्या शाईच्या सह्या, अंगठे, लाल शेरे आणि मोजणी नकाशा असलेली पानं रंगीतच घ्या. काळ्या-पांढऱ्यात फिकट जांभळा शिक्का सरळ गायब होतो, आणि तो पुसलाय की मुळात नव्हताच हे पुढे सांगता येत नाही.

वेळ जातो तो तयारीत. पिना आणि टाचण्या काढणं, नाडीची गाठ सोडणं, दुमडलेले कोपरे सरळ करणं, चिकटलेली पानं सुटी करणं. एक पिन राहिली तर स्कॅनरच्या काचेवर चरा पडतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक पानावर उभी रेघ येते. रेघ चऱ्याची नसेल तर धुळीची असते. फीडरजवळची अरुंद काच मऊ फडक्याने रोज पुसायची. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे दोन पानं एकदम ओढली जाणं. दोन पानं ओळखणारा सेन्सर असलेलं यंत्र घ्या, आणि तरीही स्कॅननंतर पानांची संख्या कागदाशी ताडून पाहा. जीर्ण फेरफार, पातळ कागदावरचे नकाशे, मोडीतले दस्त फीडरमध्ये घालायचेच नाहीत. ते सपाट काचेवर.

दाबून लहान केलेल्या पीडीएफबद्दल एक सावधगिरी. ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही वर्कसेंटर यंत्रं स्कॅन करताना ६ च्या जागी ८ टाकत होती. यंत्र बिघडलं नव्हतं; फाइल लहान करण्याची जी पद्धत होती, ती सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांपैकी एकच साठवून बाकीच्या जागी तीच चिकटवायची. हेक्टर-आर, गट नंबर, चेकची रक्कम यांत असं झालं तर डोळ्याला कळतही नाही, कारण अंक छान स्पष्ट दिसतो. तेव्हा ‘सर्वात लहान फाइल’ हा पर्याय बंद ठेवा, आणि आकड्यांचे दस्त ग्रेस्केलमध्ये घ्या.

ओसीआर, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर करणं, हेही करा, पण त्याच्यावर विसंबू नका. टेसरॅक्टसारखं फुकट साधन मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र वाचतं आणि स्वच्छ छापील मजकुरावर चांगलं चालतं. तलाठ्याच्या हस्ताक्षरावर, कार्बन कॉपीवर आणि मोडीवर ते चालत नाही. १ आणि ९ यांच्यात गफलत होते. नाव आणि गट नंबर शोधायचे असतील तर ते सूचीत हातानेच भरा. जुन्या ड्राफ्टचं दुखणं आणखी वेगळं आहे. श्रीलिपी किंवा तसल्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले दावे नव्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात आणि शोधात सापडत नाहीत. जो जुना संगणक ते अजून नीट दाखवतो, त्याच्यावरूनच आधी पीडीएफ काढा, मग युनिकोडमध्ये बदला, आणि मगच तो संगणक मोडीत काढा.

नावं, निशाण्या आणि सही

आपल्याकडे फाइलचा सांगाडा कोर्टानेच निशाण्यांनी (‘नि.’, कागदाला पडणारा क्रमांक) दिलेला आहे: नि. १ दावा, नि. ५ मनाई हुकमाचा अर्ज, आणि पुढे कोर्ट देईल ते क्रमांक. संगणकातही तोच क्रम ठेवा. कागदाला निशाणी पडली की फाइलचं नाव बदलायचं: आधी वर्ष-महिना-दिवस, मग निशाणी, मग दोन शब्द, म्हणजे ‘२०२५-०७-१४ नि-०५ मनाई अर्ज’. तारीख या क्रमाने लिहिली की फायली आपोआप रांगेत लागतात. फोल्डरला सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाच्या संगणकात त्या केसला मिळालेला स्वतंत्र क्रमांक, द्या. दावा क्रमांक कोर्ट बदललं की बदलतो. ई-फायलिंगच्या पोर्टलवर चढवायच्या प्रतीचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत, लहान, मध्ये जागा आणि चिन्हं न टाकता. नाहीतर ऐन मुदतीच्या संध्याकाळी अपलोड अडकतं.

डिजिटल सही सगळ्यात शेवटी. ओसीआर, पानांचे क्रमांक, बुकमार्क, फाइल लहान करणं हे सारं आधी. सहीनंतर असं काहीही केलं की पीडीएफ ‘दस्तात बदल झाला आहे’ म्हणून ओरडते.

आणि तो सहीचा यूएसबी टोकन क्लार्कच्या खणात, पासवर्ड खणाच्या झाकणावर चिकटवलेला, हे दृश्य बंद व्हायला हवं. सहीची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी घेणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ ने सहीच्या मालकावर घातलेलं कर्तव्य आहे. त्या टोकनने जे सही होईल ते तुमचंच.

पाझर कुठून होतो

गोपनीयतेचं बंधन नवं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला, भाग ६ प्रकरण २ मधला नियम १७ जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ कडे बोट दाखवतो. ते कलम आता साक्ष्य अधिनियमात १३२ झालं आहे, आणि त्यात वकिलाचे क्लार्क आणि नोकरही येतात. हॅकरची भीती सगळ्यांना असते. पण ऑफिसची गळती बघायची असेल तर कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहा. तिथल्या संगणकावर जीमेल उघडाच असतो, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये बारमधल्या निम्म्या वकिलांचे अर्ज, घटस्फोटाच्या याचिका, आधार कार्डं पडलेली असतात, आणि फिर्यादी-आरोपी दोघांचेही कागद शेजारी-शेजारी नांदत असतात. ‘दादा, मेल टाकलाय, तीन कॉपी काढ’ या एका वाक्यात सगळी गोपनीयता संपते. उपाय स्वस्त आहे: ऑफिसात साधा लेझर प्रिंटर. अगदीच गरज पडली तर फक्त तेवढीच एक फाइल असलेला वेगळा पेन ड्राइव्ह, समोर उभं राहून प्रिंट, आणि घरी आल्यावर तो फॉरमॅट. दुकानातला व्हायरस परत येण्याची ती हमखास वाट असते.

दुसरी गळती व्हॉट्सअॅपची. अशील फोटो पाठवतो, तो ज्युनिअरच्या गॅलरीत आपोआप उतरतो, तिथून त्याच्या खासगी गूगल फोटोजवर चढतो. ऑफिसच्या फोनवर मीडिया आपोआप उतरणं बंद ठेवा, बॅकअपला एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारं कुलूप, चालू करा (ते आपोआप नसतं), आणि चेंबरमधल्या सामायिक संगणकावर व्हॉट्सअॅप वेब नको. मोबाइलवर स्कॅन करणारी अॅप्सही निवडून घ्या. २०२० च्या जूनमध्ये केंद्राने बंदी घातलेल्या ५९ अॅप्समध्ये कॅमस्कॅनर होतं, तरी ते जुन्या फोनवर अजून सापडतं. फोनच्या बाहेर काही न पाठवणारं साधन हवं.

रेकॉर्डिंग, व्हिडिओ असा पुरावा असेल तर तो व्हॉट्सअॅपवर मागवूच नका. साध्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ तिथे पुन्हा दाबला जातो, फाइल बदलते, आणि हॅशही (फाइलवरून गणिताने निघणारी तिची ओळखखूण) बदलतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात, जे अनुसूचीतल्या नमुन्याप्रमाणे भाग अ आणि भाग ब असं दोन वेगळ्या व्यक्तींनी भरायचं असतं, हॅश मूल्य लिहावं लागतं. फोन केबलने जोडून फाइल उतरवा, तिथल्या तिथे एसएचए-२५६ काढा (विंडोजमध्ये सर्टयुटिल हा आदेश आधीपासून असतो, चौसष्ट अक्षरांचं उत्तर देतो), ते उत्तर तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि अशिलाला फोन न बदलण्याची, काही न पुसण्याची लेखी सूचना द्या. नमुन्यात एमडी५ आणि एसएचए-१ चेही पर्याय आहेत, पण त्या दोन्हींत वेगळ्या फायलींचा सारखा हॅश तयार करता येतो हे सिद्ध झालंय. २५६ च घ्या. चार्जशीटबरोबर आलेल्या पेन ड्राइव्हलाही हाच शिरस्ता: हॅश, प्रत, आणि मूळ पेन ड्राइव्ह पाकिटात सीलबंद.

वाटून घेतलेल्या चेंबरबद्दल कोणी बोलत नाही. शेजारच्या टेबलावरचा वकील उद्या तुमच्याच केसमध्ये समोर उभा राहू शकतो, आणि दोघांचा प्रिंटर, वायफाय, कधीकधी क्लार्कसुद्धा एकच. सामायिक स्कॅनर ‘स्कॅन’ नावाच्या ज्या फोल्डरमध्ये फायली टाकतो, तो रोज रिकामा व्हायला हवा. संगणकावर प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत्येक ज्युनिअरला त्याच्याकडच्या कामांचेच फोल्डर, आणि ज्युनिअर सोडून गेला तर त्याच संध्याकाळी त्याचा प्रवेश बंद. त्यात राग नाही, शिस्त आहे.

नाव लपवायचं असेल तर पीडीएफवर काळी पट्टी ओढून भागत नाही; पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, तिथे ही चूक फार महाग पडते. पट्टी ओढलेलं पान चित्र म्हणून नव्याने काढा, मग शोधून बघा. वर्डची फाइल समोरच्याला कधीच देऊ नका; ट्रॅक चेंजेसमध्ये आपला सगळा विचार दिसतो.

कुलूप आणि प्रती

लॅपटॉपची पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा: विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. रिकव्हरी की कागदावर छापून बँकेच्या लॉकरमध्ये. क्लाउड वापरायचा तर फायली क्रिप्टोमेटरसारख्या साधनाने आधी बंद करून मग चढवा, आणि ऑफिसच्या ईमेलला दुहेरी पडताळणी एसएमएसची नको, ऑथेंटिकेटर अॅपची.

गूगल ड्राइव्हसारख्या क्लाउडशी सिंक म्हणजे बॅकअप, हा समज मोडायला हवा. रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फायली कुलूपबंद केल्या की सिंक त्या बिघडलेल्या फायलीही इमानाने वर चढवतो. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक ऑफिसाबाहेर. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आलटून-पालटून, दर शुक्रवारी जोडून, प्रत घेऊन, काढून घरी. जोडलेलीच ठेवली तर तीही जाते. महिन्यातून एकदा एखादी फाइल त्या डिस्कवरून खरोखर उघडून बघा.

प्रत्येक मोठ्या प्रकरणासाठी वेगळा कुलूपबंद कप्पा ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वकिलाचं डिजिटल साधन हवं असेल तर ते न्यायालयापुढेच सादर व्हावं, पक्षकाराला नोटीस मिळावी, ते वकील आणि पक्षकारासमोर, त्यांच्या पसंतीच्या तंत्रज्ञाच्या मदतीने उघडावं, आणि इतर अशिलांची माहिती उघडी पडू नये. हे पाळणं तुमच्याही हातात तेव्हाच असतं जेव्हा एका अशिलाचा कप्पा उघडताना बाकीचे बंद राहतात. त्याच निकालात हेही आहे की अशिलाचे दस्त हजर करण्याला कलम १३२ चं संरक्षण नाही. वकिलाकडे ठेवला म्हणून कागद झाकला जात नाही, हे अशिलाला आधीच सांगा.

व्यक्तिगत डेटाचा २०२३ चा कायदाही लक्षात असू द्या. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होतात. कायदेशीर हक्क बजावण्यासाठीच्या कामाला कलम १७ मध्ये बरीच सूट आहे, पण डेटा सुरक्षित ठेवण्याचं कलम ८(५) त्या सुटीत येत नाही, आणि त्याच्या भंगाला दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. वकीलपत्राबरोबर अर्ध्या पानाचं संमतीपत्र घ्या: फाइल कोणत्या रूपात राहील, कुठे राहील, किती वर्षं राहील.

किती वर्षं? हुकूमनाम्याची बजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते, आणि कायम मनाई हुकमाच्या बजावणीला मुदतच नाही. तेव्हा दिवाणी फाइल बारा वर्षं, कायम मनाईची त्याहून पुढे, आणि अज्ञान पक्षकार असेल तर तो सज्ञान झाल्यानंतरची तीन वर्षं मोजून. मुदत संपली की अशिलाला पत्र, उत्तराची वाट, आणि मग आडवं-उभं कापणारा श्रेडर. रद्दीवाल्याला नाही. जुनी हार्ड डिस्क फोडून टाका. एसएसडी असेल तर पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली असू द्या, कारण तिच्यावर फाइल पुसली तरी तुकडे राहतात. भाड्याचं झेरॉक्स यंत्र परत देतानाही आत हार्ड डिस्क आहे का ते विचारून, ती पुसल्याचं लेखी घेऊनच यंत्र गाडीत चढू द्या.